लहान मुलांना टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत पाठवावं का? भाचीची निवड झाली आहे आणि माझं मन तयार होत नाही

तळ्याकाठी

नमस्कार मंडळी. घरातलाच प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी भाची अकरा वर्षांची, सहावीत आहे. घरात तिला चिमी म्हणतात. आम्ही मिरजेचे, त्यामुळे तंबोऱ्याच्या भोपळ्यांचा वास नाकात घेऊनच मुलं मोठी होतात. ती चार वर्षं गाणं शिकतेय. गुरुजींनी तिला अजून भूप, दुर्गा आणि यमनच्या पुढे नेलेलं नाही आणि तिचीही काही तक्रार नाही. गेल्या महिन्यात कोल्हापूरला एका वाहिनीची ऑडिशन झाली. दोन फेऱ्या पार करून मुंबईच्या फेरीसाठी तिची निवड झाली. भाऊजींनी गल्लीत पेढे वाटले. मीही आनंदाने खाल्ला.

मग करार आला. अठरा पानी, सगळा इंग्रजीत. वाचून सांगायचं काम माझ्याकडे आलं. चित्रीकरणाचे सगळे हक्क त्यांचे, जगभर आणि कायमचे. कोणता भाग ठेवायचा, कोणता कापायचा, हा सर्वस्वी त्यांचा अधिकार. स्पर्धा संपल्यावरही ठरावीक काळ दुसरीकडे गायचं असेल तर त्यांची परवानगी घ्यायची. शेवटच्या पानावर सही पालकांची. चिमीचं नाव आहे, पण तिने कुठे काही म्हणायची जागा अठरा पानांत नाही.

तेही मी गिळलं असतं. पण परवा समन्वयक मुलीचा फोन आला. एव्हीसाठी, म्हणजे गाण्याआधी दाखवतात त्या फिल्मसाठी, घरची काही स्टोरी आहे का, असं तिने विचारलं. परिस्थिती, आजारपण, कुणी गेलंय का? बहिणीने सांगितलं की चिमीचे आजोबा गेल्या वर्षी गेले, तिला त्यांचा फार लळा होता, पेटी त्यांनीच आणून दिली होती. पलीकडून आवाज आला, "छान! ते घेऊ या आपण."

ते "छान" माझ्या डोक्यातून जात नाही. ती मुलगी वाईट नसणार, तिचं ते रोजचं काम आहे. पण माझ्या भाचीचा आजोबा गेला हे कुणाला तरी छान वाटावं?

येत्या शनिवारी निघायचं आहे. ज्यांना ह्यातलं आतून माहीत आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

धुळेकर

दादा, तुमची तळमळ कळते. पण थोडं कडू बोलतो.

तुम्ही मिरजेचे. दारात सतारमेकर, दर्ग्याच्या उरुसाला मोठमोठे गवई, शिकवायला गुरुजी. मी तालुक्याच्या गावात मुलांना पेटी शिकवतो. माझ्याकडे एक मुलगा आहे, बाप हमाली करतो. त्या पोराच्या गळ्यात जे आहे ते ऐकून मला रात्री झोप लागत नाही. त्याला कोण ऐकणार? पुण्याच्या सभागृहात त्याला कोण बोलावणार? त्याच्यासाठी टीव्ही हे एकच दार आहे आणि तिथे आडनाव विचारत नाहीत.

२००९ च्या फेब्रुवारीत सारेगमप लिटिल चॅम्प्सची अंतिम फेरी झाली, तेव्हा आमच्या गल्लीत लाइट जाऊ नये म्हणून बायका देवाला हात जोडून बसल्या होत्या. कार्तिकी गायकवाड आळंदीची, प्रथमेश लघाटे आरवलीचा, मुग्धा वैशंपायन अलिबागची, रोहित राऊत लातूरचा, आर्या आंबेकर पुण्याची. पाचातली चार मुलं पुण्या-मुंबईच्या बाहेरची! "वरचा सा", म्हणजे तिथला परीक्षकांचा सर्वांत वरचा गुण, हा शब्द त्या वर्षी पानटपरीवर पोचला. आज पाचही जण गाण्यातच आहेत. २०२१ च्या पर्वात तर तेच परीक्षकांच्या खुर्चीत बसले. कुणाचं वाटोळं झालं, सांगा.

आणि हरलं म्हणूनही संपत नाही. २००५ च्या फेम गुरुकुल या हिंदी गाण्याच्या स्पर्धेतून अरिजित सिंग बाहेर पडला होता.

जुना_साथीदार

धुळेकर, अरिजित तेव्हा अठरा वर्षांचा होता. अठराव्या वर्षी बाहेर पडणं आणि नवव्या वर्षी बाहेर पडणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाकी तुमच्या मुद्द्याचा मान राखून लिहितो, कारण त्या पाच मुलांच्या वेळी महाराष्ट्र खरंच गाणं ऐकत होता.

मी अशा तीन-चार कार्यक्रमांत ताल वाजवला आहे. कुठल्या, ते सांगत नाही. दिवस कसा असतो ते सांगतो.

कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी सातची. मुलं साडेसहाला मेकअपला बसतात. दोन-तीन भाग एकाच दिवशी काढायचे असतात, कारण फ्लोअरचं भाडं दिवसाचं असतं. गाणं चार मिनिटांचं, पण त्याच्या आगेमागे थांबणं तासन्‌तासांचं. लाइट हलला, थांबा. पाहुणा कलाकार ट्रॅफिकमध्ये अडकला, थांबा. एसी इतका असतो की आमची बोटं आखडतात, मग त्या पोरांच्या गळ्याचं काय होत असेल? संध्याकाळी सात वाजता निकालाचं चित्रीकरण लागतं. म्हणजे मूल सर्वांत दमलेलं असतं तेव्हाच त्याला सांगतात की तू घरी चाललास.

निकाल सांगताना जी शांतता असते ना, ती टीव्हीवर दिसते त्याच्या तिप्पट असते. मी तबल्यावर हात ठेवून समोर बघत बसायचो. एकदा एका मुलीने निकाल फार शहाणपणाने घेतला, हसून नमस्कार केला. कानात हेडफोन लावलेला एक माणूस पुढे आला आणि म्हणाला, बेटा, आई कशी बघतेय बघ जरा तिकडे. तिने आईकडे बघितलं. आई रडत होती. मग तीही रडली. कॅमेरा तयारच होता.

परीक्षक बहुतेक प्रेमाने बोलतात, हेही खरं आहे. पण २००८ साली कोलकात्याच्या सोळा वर्षांच्या एका मुलीची बातमी देशभर गाजली होती. नृत्याच्या स्पर्धेत परीक्षक बोलले, त्यानंतर तिची वाचा गेली, हातपाय हलेनात. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या रुग्णालयात न्यावं लागलं. घरच्यांनी परीक्षकांच्या बोलण्याकडे बोट दाखवलं. आजाराचं मूळ काय ते डॉक्टर जाणोत, पण त्यानंतर काही महिने आमच्या सेटवर सगळे जपून बोलायचे. काही महिनेच.

आईच_आहे

हा धागा सकाळपासून तीनदा उघडला आणि मिटला. आता लिहितेच.

माझा मुलगा अकराव्या वर्षी अशाच एका स्पर्धेत शेवटच्या टप्प्यापर्यंत गेला होता. नाव, वर्ष सांगत नाही, त्याला आवडणार नाही. स्पर्धेत त्याला कुणी दुखावलं नाही. माझं दुःख नंतरचं आहे, आणि त्यात दोष माझाही आहे.

स्पर्धा संपली की कार्यक्रम सुरू होतात. गणपती, नवरात्र, लग्नाचे वाढदिवस, बिल्डरच्या प्रकल्पाचं उद्घाटन. पहिल्या वर्षी आम्ही जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार बाहेर होतो. मुलगा गाडीत गृहपाठ करायचा. लोक तीच दोन गाणी मागायचे, टीव्हीवर गाजलेली, काळी पाचच्या उंच पट्टीत. बाराव्या वर्षाच्या शेवटाला त्याचा आवाज फुटू लागला. हे प्रत्येक मुलाचं होतं, मला माहीत होतं. आमच्या गुरुजींनी सांगितलं, आता सहा-आठ महिने त्याला मोठ्याने गाऊ देऊ नका, खर्जात, खालच्या स्वरांत, हळू हळू बसवा, आवाज आपली जागा शोधेल. पण बारा कार्यक्रमांच्या उचली घेतलेल्या होत्या. आयोजक म्हणायचे, ताई, पट्टी उतरवलीत तर लोक म्हणतील हा तो नाहीच.

तो गात राहिला. मी गाऊ दिलं. चिपळूणला एका कार्यक्रमात वरच्या षड्‌जाला आवाज चिरकला आणि पुढच्या रांगेतली मुलं हसली. तो थांबला नाही, गाणं पूर्ण केलं. गाडीत बसल्यावर मात्र एवढंच म्हणाला, आई, मी आता तसा नाहीये ना?

नंतर घशाच्या डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी दाखवल्या. मौन, औषधं, सगळं झालं. गाठी गेल्या. आवाज बरा आहे, बोलतो छान, जाड आवाज आहे. पण तो गात नाही. न्हाणीघरातसुद्धा गुणगुणत नाही. एकोणीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग करतो. पेटी कपाटावर आहे, मी धूळ पुसते.

तळ्याकाठी दादा, मुलींचा आवाज असा फुटत नाही, त्यामुळे चिमीला हा धोका तितका नाही. तरी लिहिलं. मला तेव्हा कुणी विचारलं असतं की प्रसिद्धी कुणाला हवी आहे, तर मी म्हटलं असतं, त्यालाच. आज तसं म्हणवत नाही.

षड्ज_पंचम

आईच_आहे ताई, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवतोय. लहानपणी लोकांसमोर गाणं वाईट, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे संगीत नाटकं पोरसवदा आवाजांवर उभी राहिली. कुमार गंधर्व सात-आठ वर्षांचे असल्यापासून जलसे करत होते. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गायचे, वडील त्यांना गावोगाव नेत, लोक चमत्कार म्हणून बघायला येत. आजच्या भाषेत तो रिअ‍ॅलिटी शोच होता. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये ते गायले आणि थोरामोठ्यांनी डोक्यावर घेतलं. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. प्रो. बा. र. देवधरांनी त्या मुलाला आपल्या विद्यालयात घेतलं, शिकायला बसवलं, नक्कल बाजूला ठेवून स्वतःचं गाणं शोधण्याइतका अवकाश दिला. देवधर नसते तर तो अद्भुत मुलगा पंचविशीत "लहानपणी काय गायचा हो" एवढ्यावर उरला असता, असं मला नेहमी वाटतं.

टीव्हीच्या स्पर्धेत नक्कल उत्तम येणाऱ्याला पुढे चाल मिळते आणि देवधर मास्तर मात्र तिथे कुणी नसतो. ग्रुमर, म्हणजे स्पर्धकांकडून गाणं बसवून घेणारे, असतात, काही खरंच चांगले असतात, पण त्यांना पुढच्या मंगळवारपर्यंत गाणं बसवून हवं असतं.

गाण्यांची निवड हा तर वेगळाच विषय. माझ्या एका दहा वर्षांच्या विद्यार्थिनीला एका स्पर्धेने लावणी दिली. भरजरी नऊवारी, अंबाडा, डोळ्यांत अदा कशी आणायची तेही शिकवलं. क्लासला आली आणि मला विचारलं, गुरुजी, ह्या ओळीचा अर्थ काय? माझ्यासमोर दहा वर्षांची मुलगी, बाजूला तिची आई. मी म्हटलं, मोठी झालीस की सांगेन. ती म्हणाली, पण मला परवा गायचंय. तिचं बरोबर होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. लावणीला मी कमी लेखत नाही, लावणी गायला आयुष्य लागतं. म्हणूनच ती दहाव्या वर्षी गाऊ नये.

२०१९ च्या जूनमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना काढली होती, की नृत्याच्या कार्यक्रमांत लहान मुलांना मोठ्यांच्या सिनेमातल्या उत्तान हालचाली करायला लावू नका. गाण्याबद्दलही तसं काही तरी हवं होतं.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये मुलीच्या शाळेतल्या एका मुलाला टीव्हीवर छोटी भूमिका मिळाली, तेव्हा बघितलं. नगरपालिकेचा परवाना लागतो, शाळेची संमती लागते, आणि आईवडील सोबत नसतील तर मुलाबरोबर परवानाधारक सांभाळणारी बाई असते. तिची पहिली जबाबदारी मूल असते, चित्रीकरण नव्हे. तिने सांगितलं मूल दमलंय, की काम थांबतं. भारतात असं काही आहे का?

काळाकोट

आहे. फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून नीट लिहिते.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर आपल्या बालकामगार कायद्यात चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे. कलाकार म्हणून काम करायला सूट आहे, पण अटींवर. २०१७ मध्ये नियम आले. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, सोबत पालकांची संमती आणि मुलांची जबाबदारी कोणावर हे लिहून द्यायचं. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावावर मुदत ठेवीत. शाळा बुडू द्यायची नाही. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावायचं नाही, हेही नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे.

जुना_साथीदार यांनी सांगितलेला सात ते सातचा दिवस ह्यात कुठे बसतो ते तुम्हीच बघा. "मूल पाच तास काम करत नव्हतं, नुसतं थांबलं होतं" असा युक्तिवाद होतो. मला तो पटत नाही. मेकअप करून, माइक लावून, घरी जायची मुभा नसताना थांबणं हे कामच.

वीस टक्क्यांचंही तसंच. स्पर्धकाला बहुतेकदा मानधनच नसतं, जिंकला तर बक्षीस. मग वीस टक्के कशाचे? जाहिरातीचा पैसा ज्या मुलाच्या चेहऱ्यावर येतो, त्याच्या नावावर शून्य रुपयांचे वीस टक्के जमा होतात.

तळ्याकाठी, सहीच्या जागेबद्दल. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाने केलेला करार आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यानुसार मुळातच रद्द असतो. ते मुलांच्या रक्षणासाठी आहे. पण त्याचा परिणाम असा होतो की पालक सही करतात आणि मुलाचं मत कागदावर कुठेच येत नाही. नियमात "इच्छेविरुद्ध नाही" असं आहे. ती इच्छा विचारायची कुणी, केव्हा, आणि आईवडिलांसमोर की एकांतात, ह्यावर सगळं अडतं.

गाणारी_मी

मी ह्या धाग्यावरच्या मोठ्यांपेक्षा लहान आहे. सव्वीस. मी ते मूल होते.

नऊ वर्षांची असताना सहाव्या भागात बाहेर पडले. मला वाईट वाटलं, आठवडाभर रडले, मग विसरले. मुलं विसरतात. पण तो भाग राहिला. यूट्यूबवर आहे. माझं नाव, पुढे "रडली", आणि उद्‌गारचिन्ह. माझा फ्रॉक पिवळा होता, नाकातून पाणी येत होतं, आणि मी "पण मी सराव केला होता" असं म्हणतेय. आठवीत वर्गातल्या मुलांना तो सापडला. वर्षभर मला "सराव" म्हणून हाक मारायचे. कॉलेजला गेले, तिथे पुन्हा सापडला. गेल्या वर्षी लग्नाचं बघायला सुरुवात झाली, तर मुलाच्या आत्याने आम्हाला तो व्हिडिओ कौतुकाने दाखवला.

आईबाबांनी तो काढून टाकायला वाहिनीला पत्र लिहिलं होतं. हक्क त्यांचे आहेत, असं उत्तर आलं. ते खरं आहे, बाबांनी सही केली होती. बाबा आजही तो विषय निघाला की उठून आत जातात.

मी अजून गाते. रविवारी एका वृद्धाश्रमात जाते, अभंग म्हणते. गाणं माझ्याकडून कुणी काढून घेतलं नाही. पण माझ्या आयुष्यातली ती दोन मिनिटं माझी नाहीत. आणि "तुला हे दाखवलेलं चालेल का" असं मला तेव्हा कुणी विचारलं नाही, आजही कुणी विचारत नाही.

धुळेकर काका, तुमच्या विद्यार्थ्याला पाठवू नका असं मी म्हणणार नाही. माझ्या घरी खाऊन पिऊन सुखी होतं, मला ते सांगणं सोपं आहे. पण तो हरला तर काय दाखवतील ते आधी विचारा.

जुना_साथीदार

बाळा, तुझं वाचून मान खाली गेली. कदाचित त्या वेळी मागे मी किंवा माझ्यासारखाच कुणी बसला होता.

२०१७ मध्ये दिग्दर्शक शूजित सरकार यांनी मुलांच्या रिअ‍ॅलिटी शोवर बंदी घाला असं जाहीरपणे लिहिलं होतं. तेव्हा आम्ही वादक चिडलो होतो, पोटावर पाय येईल म्हणून. बंदी हवी असं मला आजही वाटत नाही. पण हरण्याचं चित्रीकरण कशाला हवं? गाणं दाखवा, कौतुक दाखवा, आणि कोण पुढे गेलं ते पुढच्या भागात नुसतं सांगा. मूल आईबरोबर शांतपणे घरी जाऊ दे. गाण्याच्या कार्यक्रमाला गाणं पुरायला हवं.

तळ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जे झालं ते सांगतो.

काळाकोट ताईंचं वाचून ठरवलं की चिमीला एकटीला विचारायचं. तिला घेऊन तळ्यावर गेलो, भेळ घेतली. म्हटलं, तुला जायचंय का? "हो" म्हणाली, लगेच. कशाला? तिथे मोठा ऑर्केस्ट्रा असतो, त्याच्याबरोबर गायचंय म्हणाली. प्रसिद्धीचा शब्दही नाही! मग मी सगळं सांगितलं, तिला समजेल असं. आजोबांचं सांगायला लागेल, हेही. ती गप्प झाली. पुऱ्या वेचून खात होती. मग म्हणाली, "आजोबांचं मी नाही सांगणार. आणि मामा, मी हरले तर तेपण दाखवतात का?"

आज सकाळी त्या समन्वयक मुलीला फोन केला. दोन गोष्टी लिहून मागितल्या. आजोबांचा विषय नको, आणि बाहेर पडली तर तो क्षण दाखवू नका. ती खरंच गोड बोलली. आजोबांचं बघू म्हणाली. दुसऱ्यावर मात्र म्हणाली, सर, ते कसं शक्य आहे, तोच तर एपिसोड असतो.

बहिणीशी बोललो. भाऊजी दुपारभर बोलले नाहीत, संध्याकाळी स्वतःच जाऊन शनिवारची तिकिटं रद्द करून आले. चिमी थोडी रुसली आहे. ऑर्केस्ट्रा राहिला म्हणून. सांगलीत एक वाद्यवृंद आहे, त्यांना विचारतो आहे की एखाद्या तालमीला तिला उभं राहू देतील का.

धुळेकर

दादा, तुमचा निर्णय तुमच्या घरासाठी बरोबर. मला तो परवडत नाही. माझा विद्यार्थी ऑडिशनला जाणार, आणि त्याने जावंच असं मला अजूनही वाटतं.

गाणारी_मी, पोरी, तुझं लिहिलेलं मी त्याच्या बापाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, गुरुजी, आपण गरीब आहोत हे त्यांनी दाखवलं तर चालेल, पण पोरगं रडताना नको.

काळाकोट ताई, ती जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याकडून बघायला मागायची असेल तर अर्ज कुणाच्या नावे करायचा आणि त्यात काय लिहायचं, तेवढं मराठीत टाइप करून द्याल का? ऑडिशन पुढच्या महिन्यात नाशिकला आहे. तो कागद बघितल्याशिवाय मी त्याला मुंबईच्या गाडीत बसवणार नाही.